वाकडी चिवळ

वडनेरात कौशल्याबाईला कोणी चहा दिला तर ती आधी कपात पाहायची, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची, आणि मगच फुंकर मारायची. पावशेर साखर बांधून घेतली की दुकानाच्या पायरीवरच पुडी सोडून बघायची. नातवाला पोलिओचा डोज पाजायला नर्सबाई आली तेव्हा हिनं आधी आपलंच तोंड उघडलं होतं. "पैले मले पाजा, मंग पोराले." लोक तिला वहमी म्हणायचे. मागून नाही, तोंडावर म्हणायचे. ती म्हणायची, "वहमी हाव म्हून जित्ती हाव."

हे बोलणं तिनं हवेतून काढलं नव्हतं.

कौशल्याबाई निंदणाची बाई. गिरडकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासूसोबत वावरात बसली. तेव्हापासून तीस वर्षं ती उकिडवीच होती म्हणा ना. खुरपं घेऊन तासात बसायचं, पिकाच्या ओळीतलं तण काढायचं, एक हात पुढं सरकायचं, पुन्हा काढायचं. बुद्धविहाराच्या बाजूच्या वस्तीतल्या आठ बाया तिच्यासोबत असायच्या. मालक बोलवायचा कौशल्याबाईला, आणि यायच्या नऊ जणी.

निंदणाचा आमच्याकडे एक जुना कायदा आहे. वावरातलं पीक मालकाचं, आणि तणातली भाजी निंदणारीची. चिवळ, घोळ, तांदुळजा, कोवळा तरोटा, जे खाण्यासारखं दिसेल ते बाईच्या ओटीत जातं. मालक त्यावर बोलत नाही. संध्याकाळी नऊ ओट्या भरून वस्तीत येतात आणि नऊ चुलींवर भाजी होते. विकतची भाजी फक्त पाहुणा आला की.

चौऱ्याण्णव साली एका वावरातून अशाच ओट्या भरून आल्या. मालकाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, काही मारलं नाही. त्या रात्री सीताबाईच्या घरचे चौघं जण आडवे झाले. हिंगणघाटच्या दवाखान्यात चौघांना सलाईन लागली. वाचले सगळे. मागून कळलं की मालकानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, औषध मारलं होतं, आणि धुरा म्हणजे वावर नव्हे असं त्याचं म्हणणं होतं. सीताबाई म्हणजे कौशल्याबाईची शेजारीण, जिभेनं तिखट. ती आजही ते हसून सांगते. "चौघं एका लायनीत झोपलो होतो. माह्या नवऱ्याच्या इतल्या जवळ मी लग्नात बी नोती झोपली."

कौशल्याबाई मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिनं आपला कायदा केला. तिनं पाहिल्याशिवाय कोणीही काही ओटीत टाकायचं नाही. मालकाला विचारायची, "काई मारलं का जी?" त्यानं नाही म्हटलं की मान डोलवायची आणि जाऊन तणच पाहायची. पान उलटं करायची, देठ मोडायची, मोडला तिथं नाक लावायची. बाया कंटाळायच्या. पण थांबायच्या.

घरात वेगळीच गंमत होती. तिचा नवरा तानबा पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायचा. कपाशीवर, तुरीवर, हरभऱ्यावर, जो बोलवेल त्याच्या वावरात, टाकीमागं मजुरी. दोन हजार सालानंतर तणाची औषधं दुकानादुकानात आली आणि फवारणीचं काम वाढलं तसतसं निंदणाचं घटलं. सहा एकराला नऊ बाया पाच दिवस लागायच्या, ते तानबा एकटा दीड दिवसात करून यायचा.

"तुह्या घरी दोन्ही इंतजाम हायेत वं," सीताबाई म्हणायची. "एक पंपानं मारते, एक खुरप्यानं काढते. तुमच्या सांदवाडीत तर तनाची उगवाची हिंमतच होत नसंन."

"त्याच्या पंपाले मी घरात घेत नाई," कौशल्याबाई म्हणायची. हे खरं होतं. पंप बाहेर, घरामागच्या सांदवाडीत, फवारणीचा सदराही तिथंच. तानबा आधी आंघोळ करणार, मग जेवणार. आणि तरी ती त्याच्या बाहीचा वास घ्यायची. कोणत्या औषधाचा वास कसा, हे तिला दुकानदारापेक्षा जास्त समजायचं.

दोन हजार सात साली प्रभाकररावांच्या वावरात पन्नीघर उभं राहिलं. प्रभाकरराव म्हणजे हिंगणघाटला कापडाचं दुकान असलेले, वडनेरला वडिलोपार्जित वावर असलेले. त्यांचा मुलगा रुपेश नोकरीच्या मागं न लागता शेतीच्या मागं लागला. लोखंडी पाइपाच्या कमानी, त्यावर पांढरी प्लास्टिकची पन्नी, आत शिमला मिरची. लांबून पाहिलं तर कोणी बंडीच्या ताडपत्रीचा बोगदा केल्यासारखं. गाव आठ दिवस तेच बोलत होतं. कोणी म्हणे सरकारची सबसिडी खाऊन सोडून देतील, कोणी म्हणे आत गांजा लावतील.

मग रुपेशनं कौशल्याबाईला निरोप पाठवला की आतलं तण काढायला दर पंधरा दिवसांनी नऊ जणी लागतील. बाराही महिने.

कौशल्याबाई गेली ती खुरपं न घेता. आधी बघायला.

"आतमंधी औषध काऊन नाई मारत?" तिनं विचारलं. "सस्ते पडते न तुमाले."

"काकू, हे बंद घर आहे," रुपेश म्हणाला. "बाहेर मारलं तर वास हवेत निघून जाते. अथी कोंडून राह्यते. तणाच्या आधी मिरची मरते. म्हणून आत तणाचं औषध बिलकुल नाई. हातानंच."

हे तिला पटलं. पटलं म्हणूनच तिनं आणखी दोन प्रश्न विचारले. पण काम घेतलं. बाया खूश होत्या, कारण बाराही महिने काम वडनेरात कोणत्याच बाईला नव्हतं.

पहिल्याच दिवशी दाराशी एक बादली आणि साबण ठेवलेला दिसला. रुपेश म्हणाला, "आत जायच्या आधी हात धुवा."

नऊ जणी थबकल्या. ह्या बायांच्या आया विहिरीपासून दहा हात लांब उभं राहून, कोणी वरून ओतलं तर पाणी नेत होत्या. त्यामुळं दाराशी थांबवून हात धुवा म्हटलं की काय आठवतं, ते रुपेशला माहीत नव्हतं. रुपेशच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"आमीच धुवाचे का समद्यानं?" कौशल्याबाईनं विचारलं.

"सगळ्यांनी. तंबाखूच्या हातानं मिरचीले रोग लागते."

"मंग आधी तुमी धुवा."

रुपेश हसला. बाजूला जाऊन खर्रा थुंकला, साबणानं हात धुतले. मग नऊ जणींनी धुतले. पण त्या दिवसापासून कौशल्याबाई आधी रुपेशचे हात पाहायची, मग आपले बुडवायची.

पन्नीघरातलं निंदण वावरातल्यासारखं नव्हतं. वाफ्यावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्याला भोकं, भोकात मिरची. तण उगवायचं ते त्या भोकात, झाडाच्या बुडाशी, आणि वाफ्यांच्या मधल्या वाटेवर. कागदाखालून पाण्याच्या नळ्या. खुरपं घातलं तर नळी फाटते, मिरचीचं मूळ तुटतं. कौशल्याबाईनं एका दिवसात पद्धत बसवली. वाटेवर खुरपं, भोकात फक्त बोटं. डाव्या हाताची दोन बोटं मिरचीच्या बुडावर दाबायची, उजव्या हातानं तण मुळाशी धरून हळू ओढायचं. फूल धरायच्या आधी काढायचं, म्हणजे बी पडत नाही. आणि काढलेलं आत टाकायचं नाही, टोपल्यात बाहेर. रुपेश वहीत लिहून घ्यायचा. आत ऊब असायची, त्यामुळं बाहेर कुठंच नसताना आत चिवळ यायची. भर थंडीत नऊ चुलींवर चिवळीची भाजी आणि भाकर. सीताबाई म्हणायची, पन्नीघर मिरचीसाठी नाही, आपल्या भाजीसाठीच बांधलं.

दोन हजार आठच्या जानेवारीतला मंगळवार. कौशल्याबाई पहिल्या वाफ्याशी बसली, चिवळ उपटली आणि तशीच हातात धरून बसून राहिली.

चिवळ जमिनीला धरून सरळ पसरते. ही पिळल्यासारखी होती. देठ वळून वर आलेले, जसा कोणी ओला टॉवेल पिळावा. पानं आत मुडपलेली. पुढच्या भोकात तेच. त्याच्या पुढच्यात तेच.

"कोनी ओटीत टाकू नोका," ती ओरडली.

"टाकली न वं मी," सीताबाई म्हणाली.

"काढ."

"अवं कवळी हाय, वाकडी असन त काय झालं! माही सासू बी वाकडी होती, तिले जन्मभर खाऊ घातलं न मी."

"काढ म्हनलं न. चौघाईले लायनीत झोपवाचं हाय का पुन्यांदा?"

सीताबाईनं ओटी झटकली. बाकीच्यांनीही झटकली. तोंडं वाकडी करून, पण झटकली. कौशल्याबाई तशीच रुपेशकडे गेली.

"काय मारलं?"

"काई नाई काकू. शनिवारी झाडाचं टॉनिक मारलं फक्त. जस्त आहे त्यात. तणाचं औषध मी आणलंच नाई. देवाशप्पथ."

"शपता नोका घेऊ. मी शपतीनं भाजी नाई शिजवत."

रुपेशचं तोंड खरं बोलणाऱ्या माणसासारखं होतं. पण चौऱ्याण्णव सालच्या त्या मालकाचंही तसंच होतं. ती घरी आली ती रिकाम्या ओटीनं, आणि त्या दिवशी वस्तीत नऊ घरी डाळ शिजली.

चार दिवसांत मिरची बिघडली. शेंड्याची पानं दोरीसारखी निमुळती झाली, खोड वळलं, फुलं गळली. पन्नी विकणाऱ्या कंपनीचा एक सल्लागार नागपूरकडून यायचा. तो आला, दारातूनच पाहिलं, दोन पानं तोडून हातात फिरवली.

"व्हायरस आहे. बाया तंबाखू खातात का?"

आता तंबाखूच्या हातानं मिरचीला रोग लागतो हे खोटं नव्हतं. तसा रोग असतो. आणि बाया तंबाखू खात होत्या हेही खोटं नव्हतं. पण सल्लागार वाफ्यात वाकला नाही. वाकला असता तर त्याला चिवळ दिसली असती.

प्रभाकरराव त्याच संध्याकाळी हिंगणघाटहून आले. वस्तीच्या तोंडाशी उभं राहूनच बोलले.

"कौशल्याबाई, उद्यापासून येऊ नका. माझं पूर्ण पीक बसलं तुमच्या हातापायी."

"हात धुऊनच जात होतो जी आमी."

"धुतले असते तर रोग कसा लागला असता?"

एवढं बोलून ते गेले. बोलणं मात्र गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर एका घरच्या सुनेनं कौशल्याबाईच्या टोपल्यापासून आपलं टोपलं जरा बाजूला सरकवलं. तिसऱ्या दिवशी चंद्रभाननं, ज्याच्या मिरचीच्या वावरात दर हंगामात ह्याच बाया तोडायला जायच्या, निरोप पाठवला की यंदा तोडायला येऊ नका, दुसऱ्या गावच्या बाया सांगितल्या आहेत. कौशल्याबाईला कळून चुकलं. पन्नीघर गेलं असतं तर गेलं असतं. पण ह्या बायांच्या हाताला रोग आहे ही गोष्ट एकदा गावात बसली, तर कापूस वेचायलाही कोणी बोलवणार नव्हतं. नऊ घरं.

चौथ्या दिवशी ती पन्नीघरावर गेली. रुपेश एकटा होता, तोंड उतरलेलं.

"मले आत जाऊ द्या. काईच नाई लावत हाताले. पाठीमांगं बांधतो हात, पाह्यजे त."

तिनं खरंच हात पदरात गुंडाळून पाठीशी धरले आणि वाफ्यावाफ्यानं चालली. रुपेश मागून. चालता चालता ती थांबली.

"हे पाहा. मिरची वाकडी, चिवळ वाकडी, गाजरगवत बी वाकडं. अन् ही हराळी?"

हराळी ताठ उभी होती, हिरवीगार.

"रोग मिरचीचा असता त चिवळीले कायले लागता? अन् रुंद पानवाले समदे वाकडे झाले, हराळीवानी खरं गवत तेवढं सरळ राह्यलं. हे कोनतं औषध करते?"

रुपेश हराळीशी वाकला. गव्हात मारायचं औषध तसंच करतं, ज्याला दुकानात टू-फोर-डी म्हणतात. रुंद पानाचं तण वाळतं, गहू हा गवताच्या जातीचा, म्हणून वाचतो. एवढं वडनेरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटचे दोन वाफे मात्र चांगले होते. मिरचीही, चिवळही.

"हे दोन काऊन बचले?"

"टॉनिक पुरलं नाई. इथं मारलंच नाई."

"आमचे हात त इथं बी लागले होते."

मग तिनं विचारलं, टॉनिक कशानं मारलं. रुपेशनं कोपऱ्यातला पंप दाखवला. निळा, नवा. कौशल्याबाईनं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

दवाखान्यातल्या काळ्या फिनाईलसारखा वास. हलका, पण होता. आणि तो वास तिनं ह्याच महिन्यात एकदा घेतला होता. आपल्या सांदवाडीत, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीवर.

तिनं झाकण लावलं. रुपेशकडे पाहिलं. रुपेशनं नजर चुकवली.

"काय झालं काकू?"

"काई नाई," ती म्हणाली आणि घरी आली.

तानबा खाटेवर बसून पंपाचा वायसर, आतली रबरी चकती, बदलत होता.

"तुमचा पंप बिघडला होता?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"हो. वायसर फाटला होता."

"अन् चंद्रभानच्या गव्हावर कशानं मारलं?"

तानबानं मान वर केली नाही. "मांगून आनला होता एक."

"कोनापासून?"

"तुले काय करा लागते?"

"निळा होता?"

आता त्यानं वर पाहिलं.

"रुपेशनं देल्ता," तो म्हणाला. "बाबाले सांगू नोको म्हने. मी धुऊन देल्ला न वापस. तीन पान्यानं धुतला. चकाचक."

"तीन पान्यानं गेलं नाई ते. पंपात राह्यलं. तेच मिरचीवर गेलं."

तानबाला ते समजायला वेळ लागला नाही. पंपाच्या कामात वीस वर्षं गेली होती त्याची. हातातला वायसर त्यानं खाली ठेवला.

"चूप राह्य तू," तो म्हणाला. "हे भायेर गेलं त मले कोनी वावरात उभं नाई करन. म्हनतीन, तानबाचा पंप पीक मारते."

"अन् आता म्हनून राह्यले का कौशल्याचा हात पीक मारते. ते चालते तुमाले?"

"लोकं चार दिवस बोलतीन. भुलतीन."

"चंद्रभान भुलला नाई. निरोप पाठवला त्यानं. गव्हावर तुमाले बोलावते, मिरचीत मले नाई."

त्या दिवशी तिनं त्याला वाढलं, पण स्वतः खाली बसून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. हा अजून काय लपवतो, असं ती पाहत होती. संसारात पहिल्यांदा.

सकाळी तिनं असं ठरवलं की नाव कोणाचंच घ्यायचं नाही. दोष पंपाचा आहे एवढं दाखवायचं. बाया सुटतात, तानबाही सुटतो.

मोतीलालच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर प्रभाकरराव बसले होते. ती सरळ तिथं गेली.

"तुमच्यापाशी मिरचीचे उरलेले रोपं हायेत. दोन टोकऱ्या द्या. एका टोकरीवर तुमच्या निळ्या पंपात साधं पानी भरून मारा. दुसरीवर लोट्यानं पानी शिपडा. चार दिवस पाहा."

"आणि चार दिवसांत तुम्ही त्याला काही केलं तर?" प्रभाकरराव म्हणाले.

"अन् तुमी केलं त?"

ओट्यावरचे लोक हसले. मोतीलाल म्हणाला, "अथी ठेवा माह्या ओट्यावर. ऊन बी येते, अन् समद्याईचे डोळे बी राहतीन. शटर लावीन तवा आत घेईन."

तसंच केलं. पंप आणला, गावादेखत पाणी भरलं, मारलं. पंपाच्या टोकरीला खूण करायला सीताबाईनं कमरेच्या डबीतून बोटभर चुना काढला.

"चुना टोकरीलेच लावजो वं, झाडाले नोको," मोतीलाल म्हणाला. "नाई त म्हनतीन पुन्यांदा तंबाखूचा रोग."

चार दिवस त्या दोन टोकऱ्यांभोवती निवडणुकीच्या पेटीसारखा पहारा होता. शाळेत जाणारी पोरं वाकून जायची. बिडी घ्यायला आलेला माणूस आधी टोकरीत पाहायचा, मग बिडी मागायचा. दुसऱ्या संध्याकाळी चुन्याच्या टोकरीतले शेंडे खाली वळले. तिसऱ्या दिवशी खोडं पिळली. चौथ्या दिवशी कोणालाच वाकायची गरज राहिली नाही. लोट्याची टोकरी सरळ उभी होती.

प्रभाकररावांनी दोन्ही टोकऱ्या उचलून पाहिल्या. कौशल्याबाईला वाटलं, झालं. पण प्रभाकरराव व्यापारी माणूस. त्यांचं डोकं दुसरीकडे गेलं.

"म्हणजे पंपात कोणी तरी औषध टाकलं," ते म्हणाले. "मुद्दाम. पंप पन्नीघरात राहतो. पन्नीघरात जातं कोण? रुपेश आणि तुम्ही नऊ जणी. रुपेश काही आपलं पीक मारणार नाही."

सीताबाईनं चुन्याची डबी मिटून कमरेला खोचली. रोगी हात एक वेळ धुता आले असते. हे वेगळं होतं. हे पोलीस ठाण्याच्या वाटेवरचं बोलणं होतं.

कौशल्याबाईनं रुपेशकडे पाहिलं. तो वडिलांच्या मागं उभा होता. त्यानं बोलावं म्हणून तिनं वाट पाहिली. चांगली वाट पाहिली. रुपेश चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. गर्दीच्या मागं तानबा होता, तोही जमिनीकडेच पाहत होता.

"पंप माह्या घरी आल्ता," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या घरच्या बुवानं नेल्ता, गव्हावर तनाचं औषध माराले. धुऊन वापस आनला, पन ते धुन्यानं गेलं नाई. मुद्दाम कोनी काई टाकलं नाई. अन् चोरून नाई नेल्ता, मांगून नेल्ता. कोनी देल्ता ते तुमच्या घरात इचारा."

प्रभाकररावांनी मान वळवली. रुपेश लाल झाला.

"तानबाकाकाचा पंप बिघडला होता," तो पुटपुटला. "एका दिवसासाठीच..."

प्रभाकररावांनी पुढं जे म्हटलं ते मुलाला म्हटलं, आणि ते लिहिण्यासारखं नाही. मग ते जायला निघाले. कौशल्याबाई पायरीवर आडवी उभी राहिली.

"अन् आमच्या हाताचं?"

"हाताचं काही नाही," ते पुटपुटले.

"जोरात बोला जी," मोतीलाल गल्ल्यावरून म्हणाला. "मांगच्याईले ऐकू नाई आलं."

"बायांच्या हाताचा दोष नव्हता," प्रभाकरराव मोठ्यानं म्हणाले. "पंपाचा होता. सोमवारपासून या."

"सोमवारी काय काम?"

"वाकडी झाडं उपटायची. दुसरं काय राहिलं?"

सल्लागाराला फोन गेला. तो म्हणाला की तणाच्या औषधाचा पंप नुसत्या पाण्यानं साफ होतच नाही, धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवावा लागतो, नळीतूनही ते पाणी काढावं लागतं, आणि त्यापेक्षा तणाचा पंप वेगळाच ठेवावा. तंबाखूबद्दल ह्या वेळी तो काही बोलला नाही. रुपेशनं पन्नीघरासाठी नवा पंप आणला आणि कुलूपही आणलं. एक किल्ली त्याच्यापाशी. दुसरी कौशल्याबाईनं मागून घेतली.

चंद्रभानचा निरोप आला, मिरची तोडायला या. तानबाला मात्र त्या हंगामात कोणी बोलावलं नाही. तो म्हणाला होता तसंच झालं. पंप सांदवाडीत पालथा पडून राहिला, त्यावर कोंबड्या बसू लागल्या. आठ दिवस तो बायकोशी बोलला नाही. नवव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला,

"त्या पोट्ट्यानं बोलावं म्हून वाट पाह्यली तू. माही काऊन नाई पाह्यली? मी बी उभा होतो न तथी."

"पाह्यली न. तुमची बी पाह्यली."

"मी बोलनारच होतो."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, जसं ती तणाकडे पाहायची तसं. खरं की खोटं ते तिला कळलं नाही. तिनं त्याच्या ताटात अर्धी भाकर आणखी टाकली.

"सोड्यानं धुवाचा पंप, रातभर भरून ठेवाचा," ती म्हणाली. "मी इचारून आली. पुढच्या साली बोलावतीन लोकं. मी सांगीन त्याईले, माह्यासमोर धुतला म्हून."

"तुह्या सांगन्यानं बोलावतीन?"

"आता बोलावतीन," ती म्हणाली, आणि उठून खरकटं काढायला लागली.